काट्यांना ओळखपत्रं देणारे थोरले साडू

सूर्य उगवला हेसुद्धा पुराव्याशिवाय मान्य न करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातं तसं आपण निवडलेलं नसतं. दोन बहिणी दोन अनोळखी पुरुषांना एका पंगतीत शेजारी आणून बसवतात आणि मग त्या दोघांनी जन्मभर एकमेकांना जिलबीचा आग्रह करायचा, एवढाच त्याचा करारनामा. पण आमच्या थोरल्या साडूंनी हा करारही तपासून घेतला होता. मी मुलगी बघायला वसमतला गेलो, तेव्हा सासरे शेतीचं विचारत होते, मामा शिक्षणाचं विचारत होते, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले हे थोरले जावई, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेले, मला म्हणाले, "ते सगळं ठीक हाय. पण ज्या पोराचं स्थळ आलंय ते तुमीच, हे कशावरून?" मी खिशातून वाहन चालवण्याचा परवाना काढून दिला. त्यांनी तो घेतला, मला खिडकीच्या उजेडाकडे तोंड करायला लावलं, फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "मिशी वाढलीय. बाकी बराबर हाय." तेव्हा कुठे आतून पोहे आले. परवाना दाखवून पसंत झालेला मराठवाड्यातला तूच एकटा नवरदेव, असं माझी बायको अजून म्हणते.

साडूभाऊंची उमेदीची वर्षं टेलिफोनच्या खात्यात गेली. दिवसभर तारांमधून येणारे, चेहरा नसलेले आवाज ऐकत बसायचं आणि त्यांना इकडून तिकडं जोडून द्यायचं. त्या आवाजांतला कोणता खरा आणि कोणता खोटा हे कळायला मार्ग नसे, आणि मला वाटतं तिथंच त्यांच्या डोक्यात ही शंका कायमची राहायला आली. मोबाइलवर माझं नाव दिसत असलं तरी ते "कोण बोलून राहिलं?" असंच विचारायचे. "नाव दिसून राहिलं ना," म्हटलं तर म्हणायचे, "नाव फोन दाखवतो. माणूस थोडीच दाखवतो!" मग एक प्रश्न यायचा, ज्याचं उत्तर फक्त मलाच ठाऊक असावं असा. एकदा वारंगा फाट्याच्या अलीकडे माझी मोटारसायकल पंक्चर झाली, भर उन्हात सावली नाही, म्हणून मी त्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "मागच्या दिवाळीत आमच्याकडं तुमी अनारसे किती खाल्ले?" मी म्हणालो, चार. "सहा," ते म्हणाले, "हे पाव्हणं न्हाईत," आणि फोन ठेवून दिला. पाऊण तासानं पाहतो तो साडूभाऊ स्वतः, स्कूटरवर, पायाशी हवेचा पंप आणि पिशवीत ताकाची बाटली. म्हणाले, "आवाज तुमचाच वाटला, उत्तर मात्र चुकलं. मनलं प्रत्यक्षच बघून यावं." असा त्यांचा अविश्वास होता. इतरांच्या विश्वासापेक्षा त्यात माया जास्त असायची.

प्रत्येक वस्तूची मुदत लिहून ठेवणं ही त्यांची दुसरी सवय. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून, बारीक अक्षरात तारीख घालून ते त्या चिकटवत सुटायचे. लोणच्याच्या बरणीवर पट्टी, गॅसच्या नळीवर पट्टी, छत्रीच्या दांड्यावर पट्टी, स्वतःच्या चपलांच्या तळाशीही पट्टी. मुदत संपली की चप्पल धडधाकट असली तरी ती बदलली जायची. घरात पाहुणा आला आणि पाणी पिऊन पेला उपडा घातला, तर पेल्याच्या बुडावरही तारीख निघायची. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा आमच्यादेखत वैतागून म्हणाल्या, "माझ्या कपाळाला तेवढी राहिली बघा चिट्ठी लावायची!" साडूभाऊ डिंकाची बाटली बंद करत शांतपणे म्हणाले, "तुमाला मुदत न्हाई." आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि पुढचा महिनाभर कुणी पट्ट्यांविषयी बोललं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे त्यांची रद्दची वही. मनातून उतरलेल्या गोष्टी ते नुसत्या सोडून देत नसत, रीतसर रद्द करत, कारणासकट. नरसीच्या रस्त्यावरचं एक हॉटेल रद्द, कारण चहात कालच्या चहाची चव. एक चुलतमेव्हणा रद्द, कारण लग्नात साडूभाऊंचं नाव सांगून दुसऱ्याच्या खोलीत झोपला. "कारण लिहिल्याबिगर कुणाला रद्द करू नये," असं ते मला सांगत, "न्हाई तर पुढं आपल्यालाच आठवत न्हाई, राग कशाचा होता."

असा माणूस स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरात बसून काय करील याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. पण पन्नाशी उलटलेल्या साडूभाऊंनी हिंदीतले व्हिडिओ लावून संगणकाचा प्रोग्राम लिहायला शिकायला सुरुवात केली. समोर वही, कानाला पेन्सिल, आणि पडद्यावर चूक आली की ती चूक मोठ्यानं वाचायची, दोनदा. आक्का स्वयंपाकघरातून विचारायच्या, "काय म्हणून राहिलं ते?" आणि हे म्हणायचे, "मला वळखत न्हाई म्हणतंय. बराबर हाय त्याचं."

त्या सुमारास मी आमच्या हळद उत्पादक शेतकऱ्यांच्या कंपनीचा व्यवस्थापक झालो होतो. वसमतला मुख्य गोदाम आणि ते धरून आसपासच्या गावांत अकरा केंद्रं. प्रत्येक केंद्रावर एक इलेक्ट्रॉनिक काटा. हळदीचं पोतं काट्यावर ठेवलं की वजन इंटरनेटवरून थेट आमच्या क्लाउडवरच्या नोंदीत जायचं. एका हंगामात असं झालं की एक काटा दुरुस्तीसाठी गोदामात उघडून ठेवलेला होता आणि त्याच काट्याच्या नावानं कुठून तरी वजनं येत होती. कुणीतरी मोबाइलवरून काट्याचं सोंग घेतलं होतं. शेतकरी आमच्याकडे संशयानं पाहायला लागले. काटा खोटा म्हटल्यावर कंपनीत राहिलंच काय? मी ही गोष्ट जेवताना सहज साडूभाऊंना सांगितली. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. "म्हंजे तुमी काट्याला इचारतच न्हाई, तू कोण?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आपण ज्या कामासाठी जन्मलो ते काम पंचावन्नाव्या वर्षी समोर येऊन बसल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

ते कंपनीत कामाला लागले आणि दोन महिन्यांत त्यांनी अकराही काट्यांना डिजिटल प्रमाणपत्रं दिली. बाहेरच्या जगाला दाखवायची नाहीत, आपल्या आपल्यात ओळख पटवायची, अशी खासगी प्रमाणपत्रं. ती क्लाउडवरच्या एका सेवेतून निघायची आणि साडूभाऊंचा प्रोग्राम एका क्लायंट लायब्ररीच्या मदतीनं त्या सेवेशी बोलायचा. या काट्याला नवं प्रमाणपत्र दे, त्याचं जुनं रद्द कर, चालू किती आहेत ते सांग, असं. लायब्ररी म्हणजे त्या सेवेशी कोणत्या शब्दांत बोलायचं याचं कुणीतरी आयतं तयार करून ठेवलेलं साहित्य. पण संचालकांच्या बैठकीत साडूभाऊ उभे राहून "ह्याला एक लायब्ररी लागती" एवढंच म्हणाले आणि आमच्या अध्यक्षांनी मोठ्या मनानं पुस्तकांसाठी लोखंडी कपाट मंजूर केलं. कपाट आलंसुद्धा. साडूभाऊंनी ते नाकारलं नाही. त्यात एकच फाइल ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि कपाटावर पट्टी चिकटवली.

काट्यांची प्रमाणपत्रं महिनाभराची असत आणि प्रोग्राम ती आपोआप नवी करत असे. मात्र या सगळ्या प्रमाणपत्रांवर सही करणारं एक वरचं प्रमाणपत्र होतं, त्याची मुदत तीन वर्षांची. खालच्याची मुदत वरच्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे वरचं संपलं की अकराही काटे एकाच क्षणी परके व्हायचे. ते वरचं नवं करणं साडूभाऊंनी मुद्दाम आपोआप ठेवलं नव्हतं. प्रोग्राममध्ये त्यांनी स्वतःच अट घातली होती: विनंती एकानं करायची, मंजुरी दुसऱ्यानं द्यायची. विनंती करणारे ते, मंजुरी देणारा मी. "तुमीच का न्हाई दोन्ही करत?" मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मी मेलो, मी बिघडलो, मला कुणी भुलवलं, तर? मला तपासणारं कुणी पायजेल का न्हाई?" जगाला तपासणारा हा माणूस स्वतःला तपासायला मला नेमत होता. त्या वेळी मला त्याचं फक्त हसू आलं.

जवळजवळ तीन वर्षं काटे बिनचूक चालले. शेतकरी पोत्याजवळ उभे राहून वजन वाचायचे आणि मान डोलवायचे. साडूभाऊंना गावोगाव लोक ओळखायला लागले, 'मुदतवाले साहेब' म्हणून. मला रोज त्यांचे निरोप यायचे. "नरसीच्या काट्याचं नवं झालं. खुशाली हाय." "फाट्याच्या काट्याला सकाळी नेट नव्हतं. आता ठीक. काळजी नसावी." दिवसाला आठ-दहा तरी. लेकरू शाळेत पोचल्याचं कळवावं तसे ते काट्यांचं कळवत.

मग एक दिवस अध्यक्षांनी घाईत कुठून तरी दुसऱ्याच्याच फोनवरून त्यांना फोन केला आणि एका केंद्राचा पासवर्ड मागितला. साडूभाऊंनी सवयीनं विचारलं, "तुमीच अध्यक्ष, कशावरून?" आणि वर, "मागच्या बैठकीत तुमाला डुलकी कितव्या विषयाला लागली होती?" अध्यक्ष फार भडकले. ते थेट माझ्या खोलीत आले, मला बरंच ऐकवून गेले. ते गेल्यावर मी साडूभाऊंना बोलावलं आणि दार उघडं असताना, बाहेर दोन कारकून बसलेले असताना म्हणालो, "साडूभाऊ, जरा माणसांत या. माणसं म्हणजे काटे नव्हेत." त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. त्यानंतर माझ्या खोलीत ते कामाशिवाय आले नाहीत. निरोप मात्र येतच राहिले, आणि त्या रागाच्या भरात मी फोनवर त्यांच्या निरोपांचा आवाज बंद करून टाकला. नंतर तर त्यांच्या नावावर बोटसुद्धा टेकवेना. कंपनीच्या ईमेलमध्येही त्यांची पत्रं वेगळ्या कप्प्यात जातील अशी सोय केली. तो कप्पा मी कधी उघडला नाही.

त्याच वर्षी हळदीच्या ऐन हंगामात एका सकाळी अकराही काटे थांबले. केंद्रांवरून एकामागून एक फोन सुरू झाले. काटा वजन दाखवतोय, पण नोंद घेत नाही. वसमतच्या आवारात ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर गेली होती. उकडून, वाळवून, पॉलिश केलेली हळद पोत्यांत भरून लोक पहाटेपासून आले होते. काहींनी प्रत दाखवायला पोती उघडून ताडपत्रीवर पसरली होती. नरसीच्या केंद्रावर गेलेल्या साडूभाऊंना मी निरोप धाडला, आणि ते येईपर्यंत कागदावर वजनं लिहायची की थांबायचं, यावर अध्यक्षांशी वाद घालत बसलो. कागदावर लिहिलं की पुन्हा खोट्या वजनाची बोंब, म्हणून थांबलो. अकराच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि अवकाळीची जोरदार सर आली. पळापळ झाली. कळमनुरीकडच्या एका बाईंची हळद अगदी मोकळ्यात होती. त्या आणि त्यांची सून ताडपत्रीची टोकं धरून ओढत होत्या, पण निम्मी हळद डोळ्यांदेखत भिजली. पिवळं पाणी वाहत फाटकापर्यंत आलं. भिजलेल्या हळदीचा रंग जातो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्याच वेळी साडूभाऊ स्कूटरवरून भिजत आत आले. लोकांनी मला घेरलं होतं. "का बंद पडलं? कुणाची चूक हाय?" असं चहूबाजूंनी चाललं होतं. मी तोवर कुणाला काही विचारलं नव्हतं, काही तपासलं नव्हतं. मी हात लांब करून साडूभाऊंकडे दाखवलं आणि म्हणालो, "हे काम ह्यांचं. ह्यांना विचारा." गोदामातल्या संगणकाच्या पडद्यावरची मुदत संपल्याची ओळ कुणीतरी मोठ्यानं वाचली. मागून एक आवाज आला, "मुदतवाले साहेबच मुदत इसरले व्हय!" आणि सगळं आवार हसलं. भिजलेली, वैतागलेली माणसं, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. ज्या बाईंची हळद गेली त्याही हसल्या, डोळ्यांत पाणी असताना. साडूभाऊ उभे होते, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, केसांतून पाणी गळत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, फार वेळ नाही. मग लोकांकडे वळून म्हणाले, "बराबर हाय. चूक झाली. तकलीफ झाली तुमाला."

आत येऊन ते संगणकापुढे बसले, चार ओळी टंकल्या आणि खुर्ची बाजूला सरकवून म्हणाले, "पाव्हणं, तुमची मंजुरी लागती." मी वाकून बटण दाबलं. नवं वरचं प्रमाणपत्र तयार झालं. मग एकेका केंद्रावर फोन करून, प्रत्येकाला त्याचा प्रश्न विचारून, त्यांनी काट्यांना नवी प्रमाणपत्रं चढवली. दीड तासात अकराही काटे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोखंडी कपाटाची किल्ली, फाइल आणि चाळीस पानांची हस्तलिखित माहिती माझ्या टेबलावर ठेवून गेले. कोणती आज्ञा कशासाठी, लायब्ररी नवी आली तर काय बदलायचं, काटा हरवला तर प्रमाणपत्र कसं रद्द करायचं, सगळं सुवाच्य अक्षरात. राजीनाम्यात एकच ओळ होती: तब्येतीच्या कारणास्तव. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

दीड महिन्यानं नांदेडहून एक अभियंता बाई ते काम बघायला यायला लागल्या. हुशार आणि सरळ स्वभावाच्या. ती चाळीस पानं त्यांनी दोन दिवसांत वाचली आणि म्हणाल्या, "सर, ज्यांनी हे लिहिलं त्यांना एकदा भेटायचंय मला." मी विषय बदलला. आठवडाभरानं त्या माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "सर, ही नवीकरणाची विनंती मुदतीच्या अडतीस दिवस आधीच आली होती. तुमच्या मंजुरीसाठी पडून होती. तुम्हाला दिसली नाही का?"

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि तो न उघडलेला कप्पा उघडला. चौदा पत्रं. मग फोनवरचे निरोप. मी ते वरून खाली वाचत गेलो. "पाव्हणं, विनंती टाकलीय. सवडीनं बघा." "पंधरा दिवस राहिले. फक्त एक बटन हाय." "आज तुमच्या खोलीपाशी आलो होतो, तुमी अध्यक्षासंगं होते." हे मला आठवलं. ते दारात उभे होते, मी मान वर न करता हातानं 'नंतर' अशी खूण केली होती. आदल्या दिवशी दुपारी त्यांचे दोन फोन आले होते. मी एका लग्नात पंगतीला बसलो होतो आणि दोन्ही वेळा फोन उलटा करून ठेवला होता. शेवटचा निरोप असा: "उद्या सकाळी मुदत संपती. प्रोग्राममधली दोन सह्यांची अट मी काढू शकतो, दहा मिनिटाचं काम. पण मंग ती घातली कशाला? तुमी बघसालच."

हे कळल्यावर मी तडक उठून त्यांच्या घरी गेलो असतो, तर आज हे लिहायला मला इतका त्रास झाला नसता. मी गेलो नाही. हंगाम आटोपू दे म्हणालो, मग पेरण्या होऊ दे म्हणालो, मग पोळा. बायकोला माझ्या झोपेवरून काहीतरी कळलं होतं. तिनं एकदाच विचारलं, "आक्काच्या घरचं काही हाय का मनात?" मी नाही म्हणालो. दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून शेवटी त्यांच्याकडे गेलो, आणि आक्का आत गेल्यावर कसंबसं बोललो. "तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो, "त्या दिवशी तिथंच फोन काढून दाखवायचा. बोललात काहून नाही?"

साडूभाऊ आपट्याची पानं एकावर एक नीट लावत होते. म्हणाले, "तुमाला रोज त्याच लोकांत बसायचंय पाव्हणं. मला काय, मी घरी. आन दोघी भैनी हायत. एकीच्या नवऱ्यानं दुसरीच्या नवऱ्याची मान चारचौघात खाली घालायची, हे बरं दिसतं का?" मग माझ्याकडे न पाहता, "जाऊ द्या. कुणाला सांगू नका आता. झालं ते झालं." आणि मी, मोठा शहाणा, त्यांचा शब्द मानला. मोठ्यांचा शब्द मोडू नये, असं स्वतःला सांगत आणखी एक अख्खं वर्ष गप्प बसलो. ती चार वाक्यं न बोलायला त्यांचीच परवानगी मिळाली, यात किती सोय होती ते मलाच माहीत.

कंपनीच्या वार्षिक सभेत शेवटी मी बोललो, ते काही धैर्यानं नाही. अध्यक्ष आपल्या भाषणात मागच्या चुका सांगता सांगता हसत म्हणाले, "आमच्याकडं एक साहेब होते, चपलेवर तारीख लिहायचे आन काट्याची इसरायचे," आणि मांडवात पुन्हा तेच हसू फुटलं. मी उठलो, अध्यक्षांच्या हातातून माईक घेतला आणि सांगितलं. विनंती कधी आली, निरोप किती आले, हात हलवून कुणी कुणाला परत पाठवलं, हळद कुणामुळं भिजली. पाच मिनिटांचं बोलणं. मला वाटलं होतं कुणी ओरडेल, कुणी खुर्ची लोटेल. त्याऐवजी कळमनुरीकडच्या त्या बाई उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "मंग आमी त्यायला हसलो, ते आता कोन माघारी घेणार?"

मी सभेतून थेट साडूभाऊंकडे गेलो. ते ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते रागावले. "काहून सांगितलं? मी नको मनलं होतं ना तुमाला?" म्हणाले आणि दोन-चार शेंगा जोरानं सोलल्या. मग जरा वेळानं, ताटलीकडेच बघत, "कोण कोण होतं?" मी नावं सांगितली. "फाट्याचे आले होते का?" आले होते. "ते काय मनले?" काही नाही, गप्प होते. "आन त्या बाई?" मी त्यांचं वाक्य सांगितलं. त्यांचे हात थांबले. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी आत हाक मारली, "अवो, जरा बाहेर या. पाव्हणं काय सांगून राहिले ऐका." आक्का पदराला हात पुसत आल्या आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं, पहिल्यापासून. साडूभाऊ आक्कांच्या चेहऱ्याकडे बघत ऐकत होते, जणू त्यांना स्वतःला ते ठाऊकच नव्हतं.

मग ते उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि म्हणाले, "कोथिंबीर संपलीय. घेऊन येतो मोंढ्याच्या बाजारातून." आणि पायांत चपला सरकवून निघून गेले. आक्का फाटकाकडे बघत म्हणाल्या, "दीड वर्षं झालं, हे मोंढ्यात गेले न्हाईत. पिशवी मीच आणून राहिले. दवाखान्यातबी बाहेरच्या रस्त्यानं जायचे, लांब पडलं तरी." माझ्यापुढं चहा ठेवून त्या सरळ म्हणाल्या, "तुमी आधी सांगायला पायजे होतं."

मोंढा त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी साडूभाऊंना त्या दिवशी दोन तास लागले. आक्का तीनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. ते परत आले तेव्हा जुडी उन्हानं पार मलूल झाली होती, आणि तिच्याकडे बघून त्यांनी एवढंच म्हटलं, "लोकं सोडत न्हाईत हो, काय करावं."